भूपाल मगदूमचं वेगळं ताट

टाकळेवाडीत भूपालअण्णा मगदूम यांच्या ताटाला लोक नमस्कार करत. ताट साधंच होतं, स्टीलचं, काठावर नाव कोरलेलं. कुणाकडेही जेवायला गेले की अण्णा पिशवीतून ते ताट काढत, शेजारी आपलाच तांब्या ठेवत आणि जेवण झालं की स्वतः घासूनपुसून परत पिशवीत घालत. अण्णांचा नियम होता: आपल्या ताटाखेरीज कशात जेवायचं नाही आणि आपल्या ताटात दुसऱ्या कुणाला जेवू द्यायचं नाही.

जैनांच्या त्या गावाला नियमांचं, म्हणजे देवापुढे घेतलेल्या व्रतांचं, भारी कौतुक. कुणी बटाटा सोडलेला, कुणी हिरवी भाजी, कुणी दिवस मावळल्यावरचं पाणी. पण ताट सोडलेला माणूस पंचक्रोशीत हा एकच. बायका पोरांना उष्टावणासाठी अण्णांच्या घरी आणू लागल्या. पहिला घास त्या ताटातला हवा, असा आग्रह. अण्णा हात जोडून नाही म्हणत. ते नाही म्हणत तसतसा लोकांचा विश्वास वाढत जाई.

खरी गोष्ट अशी होती की अण्णांनी कुठलाही नियम घेतलेला नव्हता.

वीसेक वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यांच्या रक्ततपासणीचा निकाल आला आणि त्यात एचआयव्ही निघाला. रोग कसा जडला, ते या कथेत येणार नाही. मधुमेहवाल्याला आपण 'कुठल्या दुकानातली जिलेबी?' असं विचारत नाही. समुपदेशक बाईंची वेळ मिळाली ती सोमवारची. आणि मधल्या रविवारी थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्काकडे, नातवाच्या बारशाचं जेवण होतं.

पुढचं सगळं त्या रविवारी ठरलं. घाबरलेल्या अण्णांनी घरून ताट नेलं. "हे काय रं?" असं आक्काने भर पंगतीत विचारल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नियम घेतलाय."

सोमवारी समुपदेशक बाईंनी शांतपणे सांगितलं की एकत्र जेवल्याने, एका भांड्यातून खाल्ल्याने, मिठी मारल्याने हा विषाणू जात नाही. बाई रविवारी भेटल्या असत्या तर ही कथा लिहावी लागली नसती. सोमवारी संध्याकाळपर्यंत अण्णा गावाच्या दृष्टीने अर्धे साधू झाले होते, आणि साधूपणाचा राजीनामा कुणाकडे द्यायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

एरवी बोलण्यात अण्णा कुणाला हार जाणारे नव्हते. कुस्तीच्या मैदानातले ते निवेदक. कुणी कुणाला कुठल्या यात्रेत कुठल्या डावावर आस्मान दाखवलं, ते त्यांना पाठ. मध्ये एका गावाने निवेदनाचं यंत्र आणून पाहिलं. ते पैलवानांचं वजन आणि नाडीचे ठोके अचूक सांगे, पण पैलवान कुणाचा नातू हे त्याला ठाऊक नसे. यंत्र परत गेलं, अण्णा राहिले. रोज एक गोळी घ्यायची आणि मैदानं गाजवायची. गोळीने विषाणू रक्तात सापडेनासा झाला होता, आणि सापडेनासा झाला की तो दुसऱ्याला लागतही नाही. सगळं ठीक चाललं होतं.

मग रोगावर कायमचा इलाज निघाला आणि पंचाईत झाली.

हा विषाणू फार चिवट. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्या मूळ मजकुरातच आपली ओळ लिहून ठेवतो. गोळी त्याच्या नकला थांबवते, पण काही पेशी झोपलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात तोही निवांत झोपतो. गोळी बंद केली की उठतो. ती ओळ कापून काढणारी रेणूंची कात्री निघून बरीच वर्षं झाली होती. पण झोपलेली पेशी दार उघडत नाही. म्हणून एका बड्या कंपनीने सगळ्या पेशींना एकदम उठवणारं औषध शोधलं. गावात पहाटे भोंगा वाजवावा, तसं. लोक उठतात, दारं उघडतात, कात्री आत जाते, काम झालं.

कात्रीचं पेटंट संपलं होतं. भोंग्याचं संपलं नव्हतं. भोंगा एकदा वाजवून घ्यायचा तर अण्णांना घर, शेत, गोठा आणि शेजाऱ्याचा गोठा विकावा लागला असता.

श्रीमंत देशांतले रोगी भराभर बरे झाले. साहजिकच गोळ्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. कारखान्यांनी त्याच यंत्रांवर केस उगवण्याच्या गोळ्या काढायला घेतल्या. टक्कल अजून जगभर होतं.

"अण्णा, साठा आहे तोवर मी देते," तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या वर्षाचं माझ्याच्याने सांगवत नाही. तुम्ही मॉरिशसचं बघा."

मॉरिशसच्या एका सरकारी दवाखान्याने भोंग्याचा नाद सोडून दिला होता. विषाणू ज्या पेशींत झोपतो त्यांतल्या बऱ्याचशा स्मृतिपेशी असतात. एकेक टोळी एकेक जुना शत्रू लक्षात ठेवते. ही गोवराची, ती कांजिण्यांची. शत्रूचा वास आला की तेवढी टोळी ताडकन उठते. तर मग भोंगा कशाला? दारोदार जाऊन नावाने हाक मारा. गोवराचा अंश टोचा, गोवरवाल्या उठतील. मेलेल्या जंतूंचे अंश स्वस्त असतात, कुठल्याही लसीच्या कारखान्यात मिळतात. सगळा इलाज एक बरीशी म्हैस विकून होण्यासारखा होता.

अडचण एकच. किती पेशी झोपल्या आहेत ते रक्त तपासून कळे. त्या कुणाचं स्वप्न बघत आहेत ते कळत नसे. म्हणून दवाखान्याची अट होती: रोग्याने आपल्या बालपणापासूनचे आजार जाणणारं माणूस सोबत आणावं. आई असेल तर उत्तम.

अण्णांची आई कधीच गेली होती. आक्का होती.

आक्का सत्तरीला टेकलेली. अण्णा गेले तेव्हा ती पावटा सोलत बसली होती.

"आक्का, मॉरिशसला येतीस?"

"कशाला?"

"मला रोग हाय एक."

"गुडघ्याचा?"

"एचआयव्हीचा."

आक्काने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "कधीधरनं?"

"झाली वीस-बावीस वर्षं."

"आणि मेला न्हाईस?"

"न्हाई."

"मग कसला रोग त्यो! माझा गुडघा बघ जरा." मग तिने पदराने डोळे पुसले आणि चढ्या आवाजात म्हणाली, "एवढी वर्षं एकटाच वागवलास व्हय रं? मी काय मेले हुते?"

"तसं न्हाई आक्का..."

"गप बस. तिकडं बरं हुतंय न्हवं?"

"तुझ्यावर हाय."

"मग हुतंयच." तिने सूप बाजूला सारलं. तिची नजर अण्णांच्या पिशवीवर गेली. "आणि त्ये ताट?"

हीच वेळ होती. अण्णांनी तोंड उघडलंही.

"ताट वेगळं," ते म्हणाले. "त्यो नियम. त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई."

आक्काने पिशवीला हात जोडले. "एवढा रोग अंगावर घेऊन एवढं कडक व्रत! माझा भाऊ हाय म्हणून सांगते, देवमाणूस हाईस."

माणूस रोग कबूल करतो. थाप कबूल करायला त्याहून जास्त छाती लागते.

डिसेंबरात दोघं निघाली. ताट हातसामानात होतं. विमानातल्या मुलीने ट्रे पुढे केला तेव्हा आक्काने "बटाटा हाय काय गं ह्याच्यात?" असं विचारलं आणि अण्णांनी सगळे पदार्थ आपल्या ताटात उपसून घेतले. मुलगी बघत राहिली. आक्का तिला म्हणाली, "त्यांचा नियम हाय," आणि मुलीनेही, काही न कळता, मान लववली.

दवाखाना टेकडीवर होता. खाली समुद्र, आवारात आंब्याचं मोठं झाड. त्या बेटावर आंबे डिसेंबरात पिकतात. झाडाखाली बाकं होती. आक्का नेहमी झाडाकडे पाठ करून बसे. अण्णांना वाटलं, ऊन लागत असेल.

डॉक्टरीणबाईंचं नाव कौशिला सकाराम. त्यांच्या खापरपणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर कामाला आले, आणि बोटीवरून उतरताना साहेबाने त्यांचं नावच, कानाला ऐकू आलं तसं, आडनाव म्हणून लिहून घेतलं. बाई मराठी शाळेत शिकल्या होत्या आणि शाळेत शिकवतात तशीच बोलत.

"सुस्वागतम्. आपण आसनस्थ व्हावे," त्या म्हणाल्या.

आक्का अण्णांच्या कानात पुटपुटली, "लई शुद्ध हाय रं बाई. प्रवचन करती जणू."

बाहेरच्या दालनात जगभरचे रोगी आपापल्या आया, मावश्या, आज्या घेऊन बसले होते आणि दहा-बारा भाषांत एकच भांडण चाललं होतं. झांबियाच्या एका म्हातारीने आपल्या पन्नाशीच्या म्वाम्बाला सगळ्यांदेखत कानाला धरलं होतं. तिला सगळे 'बाना म्वाम्बा', म्वाम्बाची आई, म्हणत. आक्का तिच्याशी टाकळेवाडीच्या बोलीत बोले, ती आपल्या बोलीत उत्तर देई आणि दोघींचं एकमत होई. विषय बहुधा एकच असावा, की हा लहानपणी अजिबात ऐकत नव्हता.

आक्काची जबानी दोन दिवस चालली.

"गोवर," आक्का म्हणाली. "पहिलीत. मास्तर मारत्यात म्हणून घेतला."

"गोवर स्वेच्छेने घेता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"ह्यानं घेतला. मग कांजिण्या. मग गालफुगी, एका बाजूची. म्हंजे शाळेत जाताना दुसऱ्या बाजूनं बोलायचा. डांग्या खोकला. खरूज. तालमीत गेला आणि गजकर्ण घेऊन आला, कुस्ती काय आली न्हाई."

"आक्का, हे कशाला?"

"डॉक्टरला खरं सांगावं. गांधीलमाशी चावली मानेला. शेळी चावली."

"शेळी?" डॉक्टरांनी मान वर केली.

"ह्यो आधी चावला तिला."

हजारो कुस्त्या पाठ असलेले अण्णा थक्क होऊन ऐकत होते. स्वतःच्या अंगावर झालेल्या कुस्त्यांतली एकही त्यांना आठवत नव्हती.

इलाज सुरू झाला. आठवड्याला काही हाका, मग कात्रीची मात्रा, मग मोजणी. गोवरवाल्या उठल्या, गजकर्णवाल्या उठल्या, शेळीने तर कमालच केली. शंभरातल्या नव्वद गेल्या, मग पंच्याण्णव. मग सत्त्याण्णववर गाडी अडली ती हलेचना.

डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, म्हणून भाषा आणखीच शुद्ध झाली होती.

"कात्री आणखी एकदाच देता येईल. शरीर आता कात्रीलाच शत्रू मानू लागले आहे, नंतर तिला आत घेणार नाही. आणि तीन टक्के शिल्लक राहिले तर गोळी थांबवल्यावर व्याधी पूर्ववत परत येईल. एखादी स्मृती अनुल्लेखित राहिली आहे. आक्का, कृपया आठवा."

"काय न्हाई राहिलं," आक्का म्हणाली आणि जपमाळ ओढू लागली.

पैलवान डाव लपवतो तेव्हा हात शांत ठेवतो, पण खांदा चुगली करतो. अण्णांनी आयुष्यभर खांदे बघितले होते. आक्काचा खांदा हलला.

बाहेर आल्यावर ते बाकावर तिच्याजवळ बसले. वर आंब्याचं झाड पिकून लटकलं होतं.

"आक्का, तुला काहीतरी म्हाईत हाय."

माळ फिरत राहिली.

"शेवटची मात्रा हाय. गोळ्या बंद हुणार हैत. फुकट गेली तर मी गेलो."

आक्काचे डोळे भरून आले. "बोलता येत न्हाई रं भूपा. नियम हाय."

"कसला नियम?"

"बारशाला तू ताट घेऊन आलास, त्या दिवशी मीबी एक वस्तू सोडली. धाकटा एवढा कडक नियम घेतोय, थोरलीनं नुसतं जेवत बसायचं? तोंडाला लावायची न्हाई, बघायची न्हाई, नाव घ्यायचं न्हाई. तुझा नियम हाय तवर माझा. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं की त्याचं पुण्य जातंय."

"आणि राहिलेला आजार..."

"त्या वस्तूवाचून सांगताच येत न्हाई."

"मग खुणेनं सांग की!"

"खूण म्हंजे नावच. देवाला काय खुणा कळत न्हाईत व्हय? माझा नियम मोडला तर तुझ्या व्रताला डाग लागंल. आधीच हे दुखणं तुझं..."

पन्नास हजारांच्या मैदानात माईकशिवाय ऐकू जाणारा अण्णांचा आवाज अशा वेळी कुठे गेला कोण जाणे. त्यांनी पिशवीतून ताट काढलं, मांडीवर ठेवलं आणि ताटालाच सांगितल्यासारखं म्हणाले,

"आक्का, नियम न्हवता."

"काय?"

"घेतलाच न्हवता. आदल्या दिवशी रोग कळला हुता. माझ्यामुळं पोराबाळांना काय हुईल म्हणून भ्यालो. तू पंगतीत विचारलंस, तोंडाला आलं ते बोललो. दुसऱ्याच दिवशी कळलं, की ताटानं काय हुत न्हाई. पण तवर तुम्ही सगळे पाया पडाय लागला."

आक्काची माळ थांबली.

"म्हंजे देवापुढं घेतला न्हवतास?"

"न्हाई."

"कुठल्याच?"

"कुठल्याच."

"वीस-बावीस वर्षं?"

"व्हय."

आक्का गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. सावकाश वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्या झाडाकडे तोंड केलं आणि छातीभर श्वास घेतला.

"आंबा!"

फांद्यांतले पक्षी उडाले. दवाखान्याच्या खिडक्या उघडल्या.

"आंबा रं मुडद्या, आंबा! हापूस! पायरी! बांधावरचा रायवळ! जावयानं देवगडची पेटी आणली, मी शेजारणींस वाटली! अक्षय्य तृतीयेला सगळी आमरस वरपत्यात आणि मी आपली कोरडी पुरी चावत बसते! आमरस ढवळायला सुद्धा सुनंला लावलं! सुनबाई म्हणती, सासूबाईंना साखर झाली! मला साखर न्हाई, मला भाऊ हाय!"

"आक्का, चुकलो..."

"चुकलास? तू जल्मापास्नं चुकतोस! चौगुल्याच्या बागेत कैरी चोराय गेलास, मी म्हणलं देठ दातानं तोडू नको, ऐकलास? चीक उडाला फसकन, त्वांड हे एवढं सुजलं, ओठांवर फोड, आठ दिस तुला ताकावर ठेवला, आईनं मला बडीवली..."

ती बोलता बोलता थांबली. अण्णाही थांबले. वरच्या खिडकीतून डॉ. सकाराम जवळजवळ बाहेर आल्या होत्या.

"चीक!" त्या ओरडल्या. उत्साहाच्या भरात शाळेतली मराठी गळून पडली. "चीक सांगितला का नाही तुम्ही? चीक लय भारी!"

हे खरंच होतं. आंब्याच्या चिकाने उठणारे फोड जंतूंचे नसतात. ते फोड स्मृतिपेशीच आणतात, आणि एकदा चिकाशी वैर धरलं की जन्मभर विसरत नाहीत.

या शेवटच्या हाकेला लसीचा कारखानाही लागला नाही. डॉक्टरांनी स्वतः झाडाची एक कैरी देठापासून मोडली आणि चिकाचा थेंब प्रयोगशाळेत नेऊन हवा तसा पातळ करून आणला. तो अण्णांच्या दंडाला लागला. दोन दिवस सगळे त्या दंडाकडे टक लावून होते. बाना म्वाम्बा तर भिंग घेऊन आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दालनात ओरडत आले, "खाजतंय!"

सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या. खाज सुटली म्हणून इतका आनंद झाल्याचं दुसरं उदाहरण ऐकिवात नाही.

शेवटची मात्रा चढली. मोजणीच्या दिवशी आकडे पडद्यावर येऊ लागले तसा अण्णांचा आवाज मैदानातून परत आला. "तीन टक्के उभे हैत! कात्रीनं पट काढला! दोन! चिकानं खाली खेचला, आता घिस्सा! एक! सुटतोय... सुटतोय... सोडू नको पोरी!... ढाक! चितपट! आस्मान दाखवलं हो! टाकळेवाडीचा भूपाल मगदूम विजयी!"

पडद्यावर शून्य होतं. डॉक्टरांनी तीन-तीनदा तपासलं. शून्यच होतं. पुढचे काही महिने गावाकडे रक्त तपासत राहायचं, पण गोळी बंद.

आक्का रडली, मग हसली. मग म्हणाली, "ताट आण."

तिने झाडाखाली बैठक मारली. माळ्याने पिकलेले आंबे आणून दिले. अण्णांचं ते पूज्य ताट तिने मधोमध ठेवलं, त्यात आंबे कापले आणि सगळ्यांना हाका मारल्या. बाना म्वाम्बा आली, म्वाम्बा आला, परिचारिका आल्या, डॉक्टर सकाराम आसनस्थ झाल्या. ज्या ताटात कधी एका पोराचं उष्टावण झालं नव्हतं त्यात अर्धं जग हात घालून खाऊ लागलं.

आक्काने पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

अण्णांनी हळूच हात पुढे केला. डोळे मिटूनही आक्काला तो दिसला. तिने सटकन चापट मारली.

"तुला न्हाई."

"का गं?"

"वीस-बावीस वर्षं मी सोडला. आता तू सोड."

"आक्का, अगं एक फोड..."

"गप. खरा नियम कसा असतोय, कळू दे जरा." ती कोय चोखू लागली. रस कोपरापर्यंत ओघळला. अर्धी कोय चोखून झाल्यावर तिने विचारलं, "भूपा, आपण एका ताटात जेवलो असतो, तर तवाबी चाललं असतं न्हवं?"

"चाललं असतं."

"पयल्या दिवसापास्नं?"

"व्हय."

आक्काने त्यांच्याकडे बघितलं. ते सत्तर वर्षांच्या बाईचं बघणं नव्हतं. चौगुल्याच्या बागेच्या कुंपणावर बसलेली एक मुलगी बघत होती.

"आ कर," ती म्हणाली.

आणि तिने आपली उष्टी कोय भावाच्या तोंडात कोंबली.